मंगलची घागर

मंगलच्या नावाची घागर भरायची की नाही, यावरून आमच्या घरात दीड वर्ष भांडण चाललं होतं. मंगल म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आणि घागर म्हणजे आखाजीची. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, हे आता मला सांगत बसावं लागतं, कारण माझ्या मुलांनासुद्धा तो फक्त सोनं घ्यायचा दिवस वाटतो. आम्हा खान्देशी लोकांना ती दिवाळीहून मोठी. त्या दिवशी सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातली मेलेली माणसंही जेवायला येतात. त्यांच्यासाठी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, मडक्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. घरची बाई उंबरठ्याशी बसते, कुंकवात बोट बुडवते आणि एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर एकेक बोट ओढते. ज्याचं नाव घेतलं तो गेलेला, ज्याचं घेतलं नाही तो आहे. लहानपणी मला हा हिशेब फार सोपा वाटायचा.

प्लेगचा तो आजार आला आणि अर्धं सुरत पळालं, त्या आठवड्यात मंगल हरवली. साल मी लिहीत नाही. ज्यांनी तो आठवडा पाहिला त्यांना ते सांगायला नको. तोंडाला फडकी बांधून माणसं स्टेशनाकडे लोटली होती. गर्दीत कुणी सुटू नये म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोऱ्या साडीची लांब पट्टी फाडली आणि आमची मनगटं एकीत एक बांधली. पुढं ते स्वतः, मग माय, मग मी, शेवटी मंगल. गाडीत कसेबसे शिरलो, मागं पाहिलं, तर मंगलच्या टोकाला नुसती पट्टी लोंबत होती. पुढच्याच स्टेशनात, उधन्याला, नाना उतरले आणि रुळांवरून उलटे धावत गेले. पुढं कितीतरी दिवस ते दवाखाने, चौक्या, खाडीचे काठ हिंडत होते. आम्ही गावाकडून परत आलो तरी ते हिंडतच होते.

मग घरात तीन मतं झाली. नाना म्हणायचे, मंगल त्या गर्दीत चेंगरली नाहीतर आजारात गेली, आणि कुणा परक्यानं तिला अग्नी दिला. "मनी पोर पळनारी नही," एवढं एकच वाक्य ते छातीशी धरून बसले होते. सुकदेवकाका, नानांचे थोरले भाऊ, म्हणायचे पळालीच. त्यांच्या बायकोच्या भाच्याशी मंगलचा साखरपुडा झालेला, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. त्यांचं नाक कापलं गेलं होतं. "सापडू दे," ते आमच्याकडे भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "तिले न तिना यारले एकच खड्डामा गाडसू." उगाच बोलायचं म्हणून बोलणारा माणूस नव्हता तो. आमच्या भाऊबंदकीत एका पोरीचं असं पूर्वी झालेलं होतं, आणि त्या विहिरीचं पाणी पुढं गावानं प्यायलं नाही. तिसरं मत मायचं. माय म्हणायची, मंगल जिती शे. का, ते ती कुणाला सांगत नव्हती. मला एकदा तिनं पेटीतली ती पट्टी काढून दाखवली. पट्टी फाटलेली नव्हती. नानांनी बांधलेली विणकराची गाठ कुणीतरी सावकाश, नीट सोडलेली होती. आता हे बोलून दाखवलं असतं तर सुकदेवकाकाच खरे ठरले असते, म्हणून माय गप्प राहायची आणि घागर भरायला फक्त नाही म्हणायची. पहिली आखाजी तिनं तशीच काढली. जित्या पोरीच्या नावाची घागर भरली तर तिचं आयुष्य तुटतं, असं ती मानायची. मीही मानायचे.

सुरतच्या गोडादऱ्यात आमची खोली लूमच्या कारखान्याला पाठ लावून होती. भिंतीपलीकडे दिवसरात्र खटाखट चालायची. मांडणीवरची ताटं थरथरायची, आणि वीज गेली की ती शांतता ऐकून तान्ही पोरं रडत उठायची. नाना लूम चालवायचे, माय तिथंच सुताच्या कांड्या भरायची. वीस वर्षांत दोघांचे कान गेलेले. आमच्या घरात कुणी हळू बोलायचंच नाही. पाहुण्याला वाटायचं, ही माणसं सदा भांडतात की काय! पण कारखान्यात मात्र कुणी ओरडत नसे, ओरडून उपयोगच नव्हता. तिथं सगळे ओठ वाचायचे. मी सातव्या वर्षी डबा पोचवायला लागले आणि वर्षभरात चार लूम ओलांडून कोण कुणाला काय शिवी देतंय ते मला कळायला लागलं. शाळेत एकदा आमच्या गुजराती बाई खिडकीपलीकडे दुसऱ्या बाईंना हेडमास्तरांबद्दल काही म्हणाल्या, ते मी वर्गाला सांगून टाकलं आणि हातावर पट्ट्या खाल्ल्या. मंगल तर त्यात उस्ताद. नाना जेवत असायचे आणि आम्ही दोघी त्यांच्या पाठीमागं आवाज न करता तासन्‌तास गप्पा मारायचो. ती गेल्यावर माझ्याशी तसं बोलणारं कुणी राहिलं नाही. कधीमधी मी आरशाशी बोलायचे, मग मलाच भीती वाटायची आणि आरसा पालथा घालायचे.

दुसरी आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा समोरच्या ओळीतल्या लीलाबाईनं घाण केली. ती बिचारी चांगल्या मनाची, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. पलसाण्याच्या अलीकडे हायवेला लागून एक पार्क निघाला होता, पाळणे, झुकझुकगाडी, पाण्याची घसरगुंडी असलेला. लीलाबाई पाहुण्यांना घेऊन तिथं गेली होती आणि तिला नळावर बाटली भरताना मंगल दिसली. हाक मारली तर भिंतीमागं पळाली. हे तिनं सांगितलं कुणाला, तर आमच्या काकूला! संध्याकाळी सुकदेवकाका दारात उभे. "आते काय म्हनस?" त्यांनी नानांना विचारलं. नाना जन्मात आवाज चढवणारे नव्हते, पण त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "सकाय सगळा जाऊ. सापडनी तं तुनी. नही सापडनी तं परवदिन घागर भरसू, आनि मंग मंगलनं नाव तुना तोंडमा येवाले नको."

मला आज वाटतं, नानांनी त्या दिवशी पोटची पोर पैजेला लावली. लावली ती एवढ्याच भरवशावर, की ती मेलेली आहे. काकांशी झगडून झगडून ते दमले होते, त्यांना एकदाचं पोरीसाठी रडायचं होतं आणि काका रडू देत नव्हते. माय चुलीशी बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "मी बी येवू का?" विचारलं कसलं, सांगितलंच.

त्या दिवसांत पार्कात कुत्रं फिरकत नाही. शाळांच्या परीक्षा चाललेल्या, उन्हाळी सुट्टी अजून लांब, आणि वर सुरतचा उकाडा. खान्देशचं ऊन चामडी भाजतं, पण सावलीत गेलं की सोडतं तरी. सुरतचा उकाडा सावलीतही अंगाला चिकटून बसतो. पर्वत पाटियाहून शटल रिक्षात आम्ही चौघं बसलो तेव्हा सकाळचे दहासुद्धा झाले नव्हते आणि माझा फ्रॉक पाठीला डकला होता. काकांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. काखेत गुंडाळलेला टॉवेल होता. त्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही. रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा टॉवेलाचं टोक सरकलं आणि मला विळ्याची मूठ दिसली. त्यांच्या घरी भाजी चिरायचा तोच विळा. मी मायकडे पाहिलं, माय रस्त्याकडे बघत होती.

पार्काच्या दारावर सिमेंटचा एक जोकर होता, त्याचा निम्मा चेहरा पावसानं धुऊन गेलेला. तिकिटाच्या खिडकीतला माणूस बनियनवर झोपला होता. "आजे कोई नथी," तो म्हणाला. "दस जणा थाय तो झूला चालू करीए." नाना म्हणाले, आम्हाला झूला नको, नुसतं फिरायचंय. त्यानं आमच्याकडे असं बघितलं की ह्या गरमीत पैसे भरून नुसतं फिरणारी ही कोण येडी! आत सगळं होतं आणि काहीच चालू नव्हतं. झुकझुकगाडीवर कावळे बसलेले. घसरगुंडीखालच्या हौदातलं पाणी सोडून दिलेलं, तळाला हिरवं शेवाळ आणि त्यात एक चप्पल. हंसांच्या होड्या एकमेकींना दोरीनं बांधून ठेवलेल्या. कुठल्याशा खांबावरच्या भोंग्यातून कुणासाठी कोण जाणे, बारीक आवाजात संगीत चाललं होतं. मला सारखं वाटायचं की आत्ताच इथून शेदोनशे माणसं उठून गेलीत आणि आपण आलो म्हणूनच गेलीत.

काका एकेक जागा बघत चालले. ताडपत्र्या उचलून पाहिल्या, कॅन्टीनच्या भटारखान्यात डोकावले, बायकांच्या संडासाच्या दाराशी उभं राहून मायला आत पाठवलं. झाडू मारणाऱ्याला त्यांनी विचारलं, "इधर कोई मराठी लड़की काम करती है क्या?" तो म्हणाला, "सीझन में बहुत आती है काका, अभी किसको पता." नाना मागून चालत होते, कुणाच्या तेराव्याला निघाल्यासारखे. आता एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मला त्या मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. बहीण सापडली तर विळा आहे हे माहीत असून मला पाळण्यात बसायचं होतं. नानांना माझ्या वर वळलेल्या मानेवरून ते कळलं. त्यांनी चालकाला हात जोडले, आखाजी आहे म्हणाले, आमच्यात पोरी झोका खेळतात म्हणाले. त्या गुजराती माणसाला काय समजलं देव जाणे, पण त्यानं आम्हा दोघांसाठी पाळणा चालू केला.

वर गेल्यावर थोडा वारा लागला. खाली सगळा पार्क दिसत होता. काका पांढरे ठिपक्याएवढे एका पत्र्याखालून दुसऱ्या पत्र्याखाली जात होते. माय एका जागी उन्हात उभी होती, तिच्यासमोर राक्षसाच्या जबड्याचं एक दार होतं. नानांनी हायवेकडे, पलसाण्याच्या धुराड्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याशी हळू बोलले. नाना हळू बोलू शकतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. "भिऊ नको, सुमी. मंगल आठे नही. मी तिले दीड वरीस शोधी ऱ्हायनू, ती ऱ्हाती तं माले सापडती. ती देवघर गई." ते म्हणाले, तिला तिथं थंड वाटत असेल. मग खाली येईपर्यंत ते माझं मनगट धरून होते.

माय उभी होती तो भूतबंगला. दाराशी एक म्हातारा स्टुलावर बसून फडक्यानं वारा घेत होता. कुणी आत गेलं की तो टेप लावायचा. सगळं बघून झालं होतं, हेच राहिलं होतं. आणि इथं सुकदेवकाका अडले. अगं बाई, काय सांगू! काखेत विळा घेऊन निघालेला हा माणूस कागदाच्या लगद्याच्या भुतासमोर पाय रोवून उभा. "आज नको," ते म्हणाले. "आखाजीले पितर वाटले लागेल ऱ्हातस. आजना दिन असा जागामा मी पाय ठेवाव नही. तू बी जाऊ नको," हे नानांना. आमच्यात असं मानतातच; पितर गावाकडून निघालेले असतात, त्या वेळी अपवित्र जागी गेलं तर ते वाट चुकतात. नाना बाकावर बसले. म्हणाले, "तठे काय देखनं शे? भूतं?" माय म्हणाली, "मी सगळं देखाले उनी शे." तिनं माझा हात धरला आणि आम्ही त्या जबड्यात शिरलो.

उन्हातून एकदम अंधारात गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना. "माले काय दिखत नही," माय म्हणाली, "तू पुढे चाल." तिनं माझ्या फ्रॉकचा मागचा पट्टा पकडला. मग टेप लागली. खदखदा हसण्याचा तो आवाज इतका मोठा होता की छातीत बसायचा. आत पत्रा होता, पत्र्यावर आदळून तो दुप्पट व्हायचा. हवा कोंडलेली, ओल्या रंगाचा आणि उंदरांचा वास. एक सांगाडा दोरीवर हलला. एक पेटी उघडणार होती, ती निम्म्यात अडकली आणि आतली मोटार घरघरत राहिली. छताला कोळ्यांची जाळी होती, ती मात्र खरी. मी भ्यायले नाही. खरं भय बाहेर बाकाशी उभं होतं.

तिसऱ्या वळणावर काळा पडदा होता. उकाड्यामुळे तो वर खोचलेला. मागं लाल दिवा, एक टेबल फॅन, आणि रंगाच्या उलट्या डब्यावर मंगल बसली होती. काळा झगा गुडघ्यांपर्यंत वर घेतलेला, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत. भुताचा मुखवटा तिनं कपाळावर सरकवला होता, चेहरा घामानं निथळत होता. गळ्यात काळी पोत. झग्याखाली पोट आलेलं, सातवा-आठवा महिना असावा. मी अकरा वर्षांची होते, पण वस्तीत वाढलेल्या पोरीला तेवढं कळतं.

तिनं मला पाहिलं. त्या हसण्याच्या आवाजात ओरडलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. अगदी आमच्या कारखान्यासारखं. तिचे ओठ हलले. "सुमी." मग लगेच, "मायले सांगू नको. कोनलेच सांगू नको." मी ओठांनीच म्हणाले, घर चाल. तिनं मान हलवली. "काका मारी टाकी." मी म्हणाले, काका बाहेर उभा आहे. तिचा हात पोटावर गेला. मग ती म्हणाली, "मी बरी शे. तू जाय." आणि तिनं कपाळावरचा मुखवटा खाली ओढला. लांब दातांचं, पांढऱ्या केसांचं ते भूत माझ्याकडे बघत बसलं, पाय बादलीत घालून. मला तिला हात लावायचा होता. दोन पावलांवर होती ती. मी लावला नाही, कारण माझ्या पाठीमागं माय होती.

माय माझ्या कानाशी ओरडली, "काय शे तठे?"

"कोनी नही, माय," मी ओरडले. "भूत शे."

तिची फ्रॉकवरची पकड क्षणभर घट्ट झाली, मग सैल पडली. "चाल मंग," ती म्हणाली.

बाहेर उन्हात काका उभे होते. "काय दिखनं?" मायनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "भूत दिखनं," ती म्हणाली. मग नानांसमोर जाऊन उभी राहिली. दीड वर्ष जी बाई घागरीचं नाव काढलं की उठून जायची, ती म्हणाली, "सकाय मना पोरनी घागर भरू. आते पुरं." नाना बाकावरच वाकले आणि रडायला लागले. मोठ्यानं, हंबरडा फोडून; त्यांना स्वतःचा आवाज कुठं ऐकू येत होता! खिडकीतला माणूस उठून बघायला आला. काकांनी काखेतला टॉवेल पिशवीत ठेवला आणि भावाच्या पाठीवर हात फिरवला. परतताना हायवेवर त्यांनी मला बर्फाचा गोळा घेऊन दिला. मी तो खाल्ला. गोड लागला, हेही खरं.

घरी आल्यावर सांजोऱ्या करायच्या होत्या. माय पारी लाटत होती, मी सारण भरत होते. सांगितलं तर काका उद्या विळा घेऊन पुन्हा जातील. नाही सांगितलं तर सकाळी माय उंबरठ्यावर बोट ओढेल आणि मंगल मरेल. हे मला अगदी खरं वाटत होतं, मरेल म्हणजे मरेल, त्या बादलीत पाय असताना मरेल, पोटातल्यासकट. दोनदा मी माय म्हणून हाक मारली. दोन्हीदा मायनं विचारलं नाही, काय म्हणून. ती म्हणाली, "कडा नीट दाब, तयताना फुटी जाई."

आखाजीच्या सकाळी कारखाना बंद होता. काका-काकू आले. उंबरठा धुऊन मायनं दोन घागरी मांडल्या, एक नेहमीची, आजी-आजोबांची, आणि एक नवी. निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणपोळीचा घास टाकला, धूर खोलीभर झाला. मायनं कुंकवात बोट बुडवलं. सासऱ्यांचं नाव, सासूचं नाव, गावाकडे वारलेल्या एका दिराचं नाव. मग ती थांबली. मी कानांवर हात घेतले, पण बघणं सोडलं नाही. तिनं बोट ओढलं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मंगल." नानांनी चौकटीला डोकं टेकलं.

मग मायनं पदराआडून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या, पाच-सहा असतील, आणि नव्या घागरीच्या गळ्यात घातल्या. हळदीकुंकू लावलं, खण ठेवला. काकूचं लक्ष गेलंच. "बाई, कुवारी पोरना घागरले हिरव्या बांगड्या? हाई तं सवाष्णनं लेनं." खोलीतली माणसं वळली. काकांनीही मान वर केली. मायचा हात थांबला नाही. "साखरपुडा व्हयेल व्हता ना तुना भाचासंगे," ती म्हणाली. "तुमनीच सून व्हती ती." काकूच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पदर तोंडाला लावला आणि पुढं होऊन स्वतःच्या हातातली एक बांगडी काढून घागरीवर ठेवली.

घागर आत देवाजवळ न्यायची होती. मायनं मला हात लावायला बोलावलं. आम्ही दोघी वाकलो, आमची डोकी जवळ आली, आणि तिनं माझ्या कानात, म्हणजे तिच्या परीनं हळू, म्हटलं, "दोन जीवनी बाईले रिकामा हाते धाडतस नही."

तिनं पाहिलं होतं. पोट पाहिलं होतं, पोत पाहिली होती, मंगल माझ्याशी काय बोलली तेही वाचलं असणार. कारखान्यात वीस वर्षं काढलेली बाई ती. दिसत नाही म्हणाली तेव्हा खरंच दिसत नसेल कदाचित, पण त्या लाल दिव्यासमोर माझ्या डोक्यावरून तिला सगळं दिसलं होतं. आणि तिथंच, अंधारात, फ्रॉकचा पट्टा धरल्याधरल्या तिनं ठरवलं होतं की पोर जिती ठेवायची तर तिला मेलेली करावी लागेल. जित्याची घागर भरल्यानं आयुष्य तुटतं हे मानणारी बाई, तिनं ती भरली. त्या दिवसापासून तिनं आयुष्यभर गोड सोडलं. देवाशी तिनं काय बोलणी केली होती ती तिलाच ठाऊक. मला एकदम हलकं वाटलं, मी हसणारच होते. मग मी नानांकडे पाहिलं. ते चौकटीशी बसून लहान पोरासारखे रडत होते, आणि खोलीत आम्ही दोघीच होतो ज्यांना ठाऊक होतं की ते जित्या पोरीसाठी रडताहेत.

सुकदेवकाका शब्दाचे पक्के निघाले. मेल्या माणसावर हात उगारत नाहीत, म्हणाले, आणि पुन्हा कधी मंगलचं वाईट बोलले नाहीत. उलट तिच्या आठवणी सांगायचे. माय आणि मी ह्या विषयावर पुढं कितीतरी वर्षं एक शब्द बोललो नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या सहलीतून मी त्याच पार्कात गेले, भूतबंगल्यात चार वेळा शिरले. मुखवट्यात एक बाप्या होता. मंगलचा माणूस कोण, कुठला, मला आजही ठाऊक नाही. तिचं लेकरू आता माझ्या मुलांहून मोठं असेल. असेल, असं म्हणते. ती आहे की नाही, हेही मला माहीत नाही, आणि दर आखाजीला माय तिच्या नावाचं बोट ओढायची तेव्हा मी दर वेळी दचकायचे.

नाना गेले ते छातीत कापसाचा भुगा साचून. शेवटी शेवटी कान अगदीच बंद झाले होते. आम्ही ओठ हलवायचो, ते वाचायचे. काका त्याआधीच वारले होते. म्हणजे आता भ्यायचं कुणाला नव्हतं. आणि नाना रोज सांगायचे, की आता मंगल भेटेल. भीती नव्हती त्यांना, पोराला सुट्टी लागावी तसे ते खूश होते. तिला काय काय विचारायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्या गर्दीत तुझा हात सुटला तेव्हा तू मला हाक मारली होतीस का, आणि मला ऐकू आली नाही का, हे पहिलं विचारणार होते. बावीस वर्षं हा प्रश्न त्या माणसाच्या मनात होता, हे मला तेव्हा कळलं. मी मायकडे पाहिलं आणि ओठांनी म्हटलं, सांगून टाक. माय पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. तिनं नकार दिला. "आते सांगं तं त्याले जाता येवाव नही," ती म्हणाली. नाना आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. मी तोंड फिरवलं, ओठ दिसू नयेत म्हणून.

दोन दिवसांनी दुपारी ते गेले. चेहऱ्यावर समाधान होतं, सगळा गोतावळा म्हणाला, काय भाग्याचं मरण. मी मात्र तेव्हापासून एकाच गोष्टीला भिते. नाना तिथं पोचले असतील आणि त्यांनी आधी मंगलला हाक मारली असेल. मग दुसऱ्यांदा मारली असेल. त्यांना वाटत असेल, ती ओ देतेय आणि आपल्यालाच ऐकू येत नाही.